हो, त्या खिडक्या मीच उघडल्या होत्या

शुक्रवारची नमाज झाली होती, जेवणंही आटोपली होती. माझे थोरले दीर आमच्या दम्मामच्या घरात कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले होते. गावाकडे त्यांच्या मामेभावाच्या मुलाचं लग्न झालं होतं आणि त्याचे फोटो ईमेलने आले होते. त्यांच्या मागे माझे मिस्टर, थोरली जाऊ म्हणजे भाभी, मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी असे सगळे दाटीवाटीने उभे होतो. टेलिफोनच्या तारेवरून एकेक फोटो वरून खाली असा हळूहळू उतरत होता. नवऱ्या मुलाचा फेटा दिसला, कपाळ दिसलं, आणि एवढ्यात त्याच्या तोंडावरच दुसरी एक खिडकी उघडली.

तिच्यात एक बाई होती. अंगावर जेमतेम कपडे.

भाईजाननी, म्हणजे माझ्या दिरांनी, घाईघाईने कोपऱ्यातल्या फुलीवर दाबलं. ती खिडकी मिटली आणि तिच्या जागी दोन उघडल्या. त्या मिटवल्या तर आणखी. शेवटची उघडली ती मात्र कोरी होती. तिच्यात बाई नव्हती, अरबीत आणि इंग्रजीत एक सूचना होती की हे पान बघायला या देशात मनाई आहे.

भाईजाननी थेट भिंतीतली वायर उपटली. मग ते खुर्चीवरून वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या मिस्टरांकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्या मुलीकडे पाहिलं.

"हे मशीन कोण वापरतं घरात?"

"मी," ती म्हणाली. "फॉर स्कूल."

"शाळेसाठी." त्यांनी तो शब्द असा उच्चारला की पोरीची मान खाली गेली.

भाईजान आमच्या आधी वीस वर्षं सौदीत आलेले. माझ्या मिस्टरांचा व्हिसा त्यांनीच मिळवून दिला, पाइप आणि व्हॉल्व्ह विकणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपरची नोकरीही त्यांनीच लावली. त्यामुळे आमच्या घरात मीठ किती घालायचं एवढं सोडलं तर बाकी सगळं त्यांना विचारून व्हायचं. माणूस वाईट नव्हता. माझ्या बाळंतपणात रोज संध्याकाळी फळं घेऊन यायचे. पण एकदा बोलले की ते बोलणं म्हणजे निकाल.

त्या दिवशीचा निकाल त्यांनी चहा पिता पिता दिला. कॉम्प्युटर घरातून काढायचा. आणि वार्षिक परीक्षा झाली की मुलीला गावी पाठवायचं. रत्नागिरीकडे आमच्या गावात माझ्या सासूबाई होत्या, तालुक्याला शाळा होती. "इथे आईबापाच्या डोळ्यांसमोर ही गत. तिथे निदान चार माणसांचा धाक असेल."

मिस्टरांना त्या बाईपेक्षा त्या मनाईच्या पानाची भीती वाटत होती. भाईजान गेल्यावर मला म्हणाले, "कुठेतरी नोंद होत असणार ना गं? फोन तर माझ्या नावावर आहे. उद्या कंपनीच्या मालकाला, कफीलला कोणी विचारलं तर? इकाम्याचं, राहण्याच्या परवान्याचं काही झालं तर आपण सगळेच घरी."

मी त्यांना काय सांगणार? मला तरी कुठे माहीत होतं.

आता मी काय केलं ते सांगते, कारण ते वगळलं तर पुढचं सांगण्यात अर्थ नाही. मी मुलीच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि तिला विचारलं, "खरं सांग. काय बघत होतीस?"

"अम्मी, आय डिडन्ट डू एनीथिंग."

"मशीन आपोआप असलं काही दाखवत नाही."

"यू आल्सो?" ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर सहा दिवस ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलली. "भाजी नको." "फीचा फॉर्म सही कर." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मिस्टर बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आले. तिथला माणूस म्हणे हसला. म्हणाला, घरात तरुण मुलगा असेल तर असं होतंच. मशीन आणून ठेवा, चार दिवसांत सगळं पुसून कोरं करून देतो.

"मशीन दुकानात ठेवायचं नाही," मी म्हणाले.

"का?"

"त्यात आपल्या घरातले फोटो आहेत. ईदचे, माझे, भाभींचे, मुलीचे. डोक्यावर पदर नसलेले. ते परक्याच्या दुकानात चार दिवस पडून राहणार? आणि पुसून कोरं करणार म्हणजे तेही जाणार. माझ्या अब्बांचे शेवटचे फोटो त्यातच आहेत."

मग म्हणाले, "तर मग विकून टाकू."

"विकायचं तरी त्यातलं काढायला हवं ना आधी. मला आठ दिवस द्या."

"तू काय करणार?"

त्यांनी हे तुच्छतेने विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. मी बारावी झालेले, तीही मराठी शाळेतून. इंग्रजी वाचायचे ते बोट ठेवून. पण त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली होती. पोरीने केलं असेल किंवा नसेल, तिला गावी पाठवायचं की नाही हे एका खिडकीवरून ठरणार नाही. आणि ठरलंच तर मी बघितल्याशिवाय ठरणार नाही.

"काय करणार ते मलाच माहीत नाही," मी म्हणाले. "पण आठ दिवस द्या."

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर केरळची एक नर्स राहायची. मी तिला सिस्टर म्हणायची, ती मला दीदी. तिच्या घरी कॉम्प्युटर होता आणि ती त्याला घाबरत नाही हे मी पाहिलं होतं. मी डब्यात घावणे घेतले आणि वर गेले. जिन्यात शब्द जुळवत होते, पण तिने दार उघडल्यावर सगळं भडाभडा सांगून टाकलं. ती ऐकून घेत घावणे खात होती. मग तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "दीदी, ये बीमारी है. गुनाह नहीं."

तिने समजावून सांगितलं ते असं. फुकटात मिळणाऱ्या काही प्रोग्रॅमच्या पोटात जाहिराती दाखवणारे दुसरे प्रोग्रॅम लपवलेले असतात. आपण पहिला घेतो, त्याच्याबरोबर बाकीचे गुपचूप आत येतात. मग इंटरनेट लागलं की ते आपले आपण जाहिराती मागवतात. माणसाने काही बघितलेलंच असायला हवं असं नाही. आणि ते मनाईचं पान? जाहिरातीने जे मागितलं ते इथल्या सरकारने अडवलं, एवढाच त्याचा अर्थ.

"म्हणजे माझ्या मुलीने..."

"हो सकता है वो सिर्फ गाना ढूंढ रही थी. हो सकता है कुछ भी नहीं."

खाली येताना मला जिन्यातच बसावंसं वाटलं. मी पोरीला काय विचारून बसले होते! पण बसून चालणार नव्हतं. सिस्टरने एक सीडी दिली होती, असले प्रोग्रॅम शोधून काढणारी, आणि एका कागदावर काय काय करायचं ते लिहून दिलं होतं.

सकाळी मिस्टर कामावर आणि मुलगी शाळेत गेली की मी दुपारचा स्वयंपाक बाजूला सारून बसायची. शेजारी मुलीची जुनी वही आणि माझ्या शाळेतला इंग्रजी-मराठी शब्दकोश. कंट्रोल पॅनेलमध्ये एक यादी होती, मशीनमध्ये काय काय भरलंय त्याची. त्यातलं प्रत्येक नाव मी वहीत उतरवून काढलं. ओळखीचं असेल त्यापुढे बरोबरची खूण, नसेल त्यापुढे फुली. फुल्या अकरा निघाल्या. त्या सिस्टरला दाखवल्या. तिने त्यातल्या चार पुसल्या, म्हणाली या मशीनच्या स्वतःच्या आहेत, यांना हात लावलास तर स्क्रीनच दिसणार नाही. उरल्या सात.

पाच सहज गेले. सहावा मात्र भांडायला लागला. काढ म्हटलं तर विचारायचा, खरंच काढायचं आहे का? हो म्हटलं तर म्हणायचा, तुमचे सगळे फायदे जातील. पुढच्या वेळी हो आणि नाही यांच्या जागाच बदललेल्या. मी सवयीने डावीकडे दाबलं आणि तो आभार मानून तिथेच राहिला. मला इतका संताप आला की मी एकटी त्या खोलीत मोठ्याने बोलले, "घर माझं आहे. तू कोण मला फायदे शिकवणारा?" मग प्रत्येक शब्द शब्दकोशात बघत बघत पुन्हा केलं. या वेळी तो गेला.

सातवा गेला असं वाटलं, पण मशीन बंद करून चालू केलं तर परत हजर. तीन वेळा काढला, तीन वेळा आला. लहानपणी आम्ही ओहोटीला खडकावरची कालवं काढायला जायचो. नवशिकी पोर नुसती ठोकत सुटायची आणि हात रक्तबंबाळ करून घ्यायची. कालवाचा ओठ, म्हणजे शिंपल्याची फट सापडेपर्यंत ठोकायचं नसतं. म्हणून मी काढणं थांबवलं आणि तो राहतो कुठे ते शोधायला लागले. सिस्टरच्या कागदावर एक युक्ती होती. त्या प्रोग्रॅमच्या फाइलवर उजवं बटण दाबून तिची माहिती बघायची.

बघितली. तिथे ती फाइल मशीनमध्ये कधी आली त्याची तारीख होती, आणि वेळही. दोन महिन्यांपूर्वीचा मंगळवार. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

मंगळवारी अकरा वाजता मुलगी शाळेत असते, मिस्टर गोदामात. घरात मी असते.

मला आठवायला वेळ लागला नाही. माझी धाकटी बहीण मुंबईहून ईमेल करायची आणि तिच्या पत्रात हलणारे, डोळे मिचकावणारे पिवळे चेहरे असायचे. मलाही तसे पाठवायचे होते. एका सकाळी मी ते फुकटात देणारा एक प्रोग्रॅम शोधून काढला होता. इंग्रजीत पानंच्या पानं मजकूर आला, त्याखाली एक चौकोन. 'आय अॅग्री.' मला मान्य आहे. न वाचताच मी मान्य केलं होतं. चार वेळा. बहिणीला हसरा चेहरा गेला होता आणि मला केवढा आनंद झाला होता.

कुकरची शिटी झाली, ती मोजली नाही.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार काय आला? ती फाइल पुसली की तारीखही पुसली जाणार होती. मी सगळं साफ करून म्हणू शकत होते, गेलं बाई, कुठून आलं होतं कोण जाणे. मुलगीही सुटली असती, मीही. भाईजानसमोर उभं राहून हे मीच केलं म्हणायचं म्हणजे काय, ते ज्या बाईने एकत्र कुटुंबात दिवस काढलेत तिला सांगायला नको.

पण कोण जाणे म्हटलं असतं तर भाईजाननी जाणलंच असतं. त्यांनी आधीच जाणलं होतं. पोर आयुष्यभर त्यांच्या नजरेत तीच राहिली असती. मी तारीख आणि वेळ वहीत लिहून घेतली. फाइल तशीच ठेवली.

मुलगी शाळेतून आली. बूट काढत होती. मी म्हणाले, "इकडे ये. तुला काहीतरी दाखवायचंय." तिने तारीख वाचली, वेळ वाचली. हुशार आहे. मान वर करून म्हणाली, "सो इट वॉज यू."

"हो. मीच."

"आणि तू मला विचारलंस काय बघत होतीस." एवढं सलग वाक्य ती मराठीत बोलली. कधी नव्हे ते.

"विचारलं. चुकले मी. मला माफ कर."

ती लगेच गळ्यात वगैरे पडली नाही. दप्तर उचलून खोलीत गेली. थोड्या वेळाने परत आली आणि दारातून म्हणाली, "मोठ्या अब्बांना सांगणार?"

"सांगणार."

"सगळ्यांसमोर?"

"त्यांनी सगळ्यांसमोरच तुला विचारलं होतं ना?"

गुरुवारी तिथली आठवड्याची सुट्टी होती. आम्ही दोघी मिळून बसलो. ती इंग्रजी भराभर वाचून सांगायची, मी वहीत बघून पुढचं पाऊल सांगायची. सातव्याचं गुपित तिलाच सापडलं. ते एक नव्हते, दोघे होते, एकाला काढलं की दुसरा त्याला परत आणायचा. सिस्टरच्या कागदावर याच्यावरही उपाय होता. मशीन चालू होताना वरच्या ओळीतलं एक बटण दाबत राहायचं, म्हणजे ते अर्धवट जागं होतं आणि असले चोर झोपलेले राहतात. आम्ही दोघांनाही झोपेत उचललं. काढण्याआधी मुलीने त्या तारखेच्या पानाची प्रत छापून घेतली. माझ्या पुराव्याचा कागद माझ्याच मुलीने माझ्या हातात दिला आणि जरा हसली.

त्या शुक्रवारी मी स्वतः भाभींना फोन करून सगळ्यांना जेवायला बोलावलं. मिस्टरांना सकाळीच सांगितलं होतं. त्यांनी कपाळावर हात मारला. "मला सांगितलंस ते बस. भाईजानना कशाला? गेलं म्हण आणि खलास."

"खलास नाही," मी म्हणाले. "पोरीचं नाव खराब झालंय."

जेवणं झाल्यावर मी भिंतीत वायर लावली, मशीन चालू केलं, इंटरनेट जोडलं. "भाईजान, बसा. लग्नाचे फोटो राहिले होते तुमचे." ते नाखुशीने बसले. फेटा दिसला, कपाळ दिसलं, नवऱ्या मुलाचा अख्खा चेहरा दिसला. एकामागून एक बावीस फोटो उतरले. मध्ये कोणी आलं नाही.

"कोणी दुरुस्त केलं?" त्यांनी विचारलं.

"मी. आणि बिघडवलंही मीच होतं." मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. हसऱ्या चेहऱ्यांसकट सगळं सांगितलं.

भाभींनी तोंडाला पदर लावला. भाईजाननी कागद उलटा करून ठेवला. "म्हणून म्हणतो, बायकांच्या हातात असल्या वस्तू द्यायच्याच नाहीत. तुला समजत नाही तर हात कशाला लावायचा?"

"समजत नव्हतं तेव्हा बिघडलं. समजून घेतलं तेव्हा सुधारलं. आता मला समजतं, म्हणून मशीन इथेच राहील."

"आणि मुलीचं?"

"मुलगी पण इथेच राहील. तिने काहीच केलं नव्हतं, तरी आपण तिला गावी पाठवायला निघालो होतो. मी तिची माफी मागितली आहे." "तुम्हीही तिला दोन शब्द बोलावेत असं मला वाटतं."

त्या खोलीत असं वाक्य आधी कोणी उच्चारलं नव्हतं. मिस्टर खिडकीबाहेर बघत होते. भाईजान उठले, भाभींना म्हणाले, "चला, अस्रच्या नमाजची वेळ होत आली." वेळ व्हायला बराच अवकाश होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. भाईजान दारापर्यंत पोचल्यावर मिस्टर बोलले. मागे न वळता, खिडकीकडेच बघत बोलले, पण बोलले. "भाईजान, ती बरोबर बोलतेय. पोर इथेच शिकेल."

तीन महिने ते आमच्याकडे आले नाहीत. मिस्टरांना ते फार लागलं. शुक्रवारी त्यांचं जेवणात लक्ष नसायचं. मलाही वाईट वाटायचं, पण बोलायला गेले नाही. मग एका ईदला आले, शीरखुर्मा प्यायले, मुलीच्या हातात ईदी ठेवली. माफी मागितली नाही. मुलीनेही सलाम केला तो जेवढा करायचा तेवढाच. ती बारावीपर्यंत दम्मामलाच शिकली.

दरम्यान ही गोष्ट इमारतीत पसरली होती, बहुधा सिस्टरमुळे. मला बोलावणी येऊ लागली. सगळ्यांची अडचण आमचीच. घरच्या बायकांचे फोटो मशीनमध्ये, दुकानात द्यायची सोय नाही. मी अबाया चढवून वही आणि सीडी घेऊन जायची. घरचा पुरुष बाहेरच्या खोलीत बसायचा. आणि जवळजवळ प्रत्येक घरात कोणीतरी एक पोर मान खाली घालून फिरत असायचं.

म्हणून मी एक अट घातली. ज्याच्यावर आळ घेतलाय त्याला आधी माझ्या शेजारी बसवा. तारीख तो वाचेल, मी नाही.

एका घरी बाप ऐकेना. मुलगा पंधरा वर्षांचा, त्याला आत कोंडल्यासारखंच केलेलं. बाप दारातून म्हणाला, "तुम्ही फक्त मशीन बघा, ताई. पोराचं आम्ही बघतो."

मी वही मिटली. "मग मशीनचंही तुम्हीच बघा," म्हणाले आणि चपला घातल्या. त्याची बायको जिन्यापर्यंत मागे आली, हात धरून विनवत होती. मी थांबले नाही.

दोन दिवसांनी आमची बेल वाजली. बाप खाली गाडीतच होता. दारात आई उभी होती आणि तिच्या मागे मुलगा, आपल्या वजनाएवढं ते मशीन दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"आत ये," मी त्याला म्हणाले. "खुर्ची घे. ही इकडची, कीबोर्डसमोरची."